चालतंय की

शाहूपुरी, तिसरी गल्ली. खाली झेरॉक्सचं दुकान, वर पतसंस्था.
सर्व्हर म्हणजे पाण्याच्या फिल्टरशेजारचा एक डबा,
दसऱ्याचं हळदकुंकू अजून त्याच्या कपाळावर,
आपट्याचं पान वाळून चिकटलेलं.
मी महिन्यातून एकदा येते, तपासणी लावते.
चहा येईपर्यंत यादी उतरते:
पॅकेजेस एकशे बारा.
मी बोलावलेली नऊ.
बाकीची त्यांच्या मागून आली,
लग्नाला एकाला पत्रिका द्यावी
आणि त्यानं जीप भरून आणावी, तशी.
पंगतीला बसली, कोठीच्या खोलीतही फिरली.
चेहरे कुणी पाहिले नाहीत.

लाल ओळी सात.
सगळ्यात वर तारीख वाचणारं एक इवलंसं पॅकेज,
साठ ओळींचं.
ठेवीची मुदत कधी संपते, व्याज कुठून धरायचं,
सगळं ह्याच्या तोंडून.
कुणी मुद्दाम वाकडी तारीख लिहून धाडली
तर हे तिला तारीख समजत नाही, हुकूम समजतं,
आणि कडी काढतं.

लिहिणारा कुठल्यातरी थंड गावचा.
त्याची शेवटची नोंद सात वर्षांपूर्वीची:
मुलगी झाली. जरा थांबतो. लवकरच येतो.

मगदूम साहेब चष्मा कपाळावर सरकवतात.
"बंद पडलंय काय?"
नाही.
"पैशाचा फरक दाखवतंय?"
नाही.
"मग चालतंय की."

उद्यमनगरात, वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळत मोठी झाले मी.
गुंडूतात्या सुतार सागवानाचे पॅटर्न करायचे,
आणि ओतलेला माल निवला की
हातोडीनं टकटक करून कान लावायचे.
खणखणीत वाजला, तर बाजूला.
बद्द वाजला, तर वरून कितीही गुळगुळीत असू दे,
पुन्हा भट्टीत.
"आत हवा कोंडलीया, पोरी. डोळ्याला दिसत न्हाई.
पंपाला बसंल, हिरीत उतरंल,
आन् एक दिवस भर उन्हात तडकंल.
तवा आपलं नाव कोण घेणार न्हाई.
घेतलंच, तर शिवी घालून घेतील."

कोड वाजवून बघता येत नाही.
खणखणीत आणि बद्द, दोन्ही सारखेच गप्प.
यादी सांगेल तेवढंच कळतं,
आणि यादीला तेवढंच ठाऊक
जे कुणीतरी, कुठंतरी, आधीच फोडून पाहिलंय.

रात्री नवी आवृत्ती चढवली.
तिला दुसरीची नवी हवी, दुसरीला तिसरीची,
तिसरी म्हणाली, हा डबाच जुना.
साडेबाराला बघते तर
आक्काताई खोतांची मुदत ठेव
एकोणीसशे सत्तरच्या एक जानेवारीला जाऊन बसलेली,
त्या जन्मायच्या आधी.

मागं फिरले. जुनंच उघडलं
आणि पहिल्यांदा वाचलं, ओळीवर बोट ठेवून.
माणूस चांगला होता.
लीप वर्षाशेजारी टीप लिहून ठेवलेली:
इथं मी दोनदा चुकलोय, जपून.
भोक बेचाळिसाव्या ओळीत.
दोन ओळींत बुजलं.

त्या दोन ओळी त्यालाही पाठवल्या, त्याच्या बंद दारावर.
कारण लिहिलं, चाचणी जोडली,
आणि रीतीत बसत नसताना खाली एक वाक्य:
मुलगी आता दुसरीत असेल ना?

सकाळी साहेबांनी पडदा न्याहाळला.
"काय बदललं? सगळं हुतं तसंच हाय."
तसंच आहे, म्हटलं.
बिलावर काय लिहावं सुचेना. "देखभाल" लिहिलं.

लाल ओळी सहा.
निघताना डब्यावर बोटानं टकटक केलं, कान लावला.
पत्रा वाजला.
नुसता पत्रा.